अहिल्यानगर जिल्ह्यातील आर्थिक व सामाजिक विषमता

अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौ. किमी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्याची कोणतीही सरासरी ही परस्परांहून अगदी भिन्न प्रदेशांची सरासरी असते.

सिंचन आणि ऊस

या विषमतेचे मूळ बव्हंशी पाण्यात आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरा कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या उत्तरेकडील तालुक्यांना मिळाले व तेथे ऊस वाढला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगर येथे उभारलेला सहकारी साखर कारखाना याच पाण्यावर उभा राहिला. स्वतः धरण मात्र अकोले तालुक्यात आहे. त्याच्या डोंगराळ पश्चिम भागातील महादेव कोळी व ठाकर समाजाची भातशेती प्रामुख्याने पावसावरच राहिली.

दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. पाथर्डी परिसरातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मजुरी टनावर ठरते आणि पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. त्यामुळे स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र नोंद सहसा राहत नाही. आकडेवारी वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन गळीत हंगामात झाली. या संपूर्ण काळात घरापासून दूर असलेल्यांची नोंद ते जेथे आढळले तेथे करण्याचा नियम होता.

साक्षरता आणि बाल लिंग गुणोत्तर

२०११ मध्ये जिल्ह्याची साक्षरता ७९.०५ टक्के (राज्य ८२.३४) होती. पुरुषांत ती ८६.८२, तर स्त्रियांत ७०.८९ टक्के होती. २००१ मधील ७५.३० टक्क्यांच्या तुलनेत ही वाढच होय. त्याच दशकात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ८८४ वरून ८५२ पर्यंत घसरली. राज्याचे २०११ चे प्रमाण ८९४, तर शेजारच्या बीड जिल्ह्याचे ८०७ होते. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९९४ चा आहे. म्हणजे ही घसरण कायदा अस्तित्वात असतानाची आहे. शिक्षण वाढले की मुलींची संख्या आपोआप सावरते, या समजाला जिल्ह्याचे आकडे दुजोरा देत नाहीत.