न्हाणीघरातले शब्द : उटण्यापासून शांपूपर्यंत

भाषेचा इतिहास आपण बहुधा ताम्रपटांतून, पोथ्यांतून आणि दरबारी पत्रव्यवहारातून शोधतो. न्हाणीघराकडे मात्र आपले लक्ष जात नाही. वास्तविक अंग माखणे, चोळणे, धुणे, रंगवणे या रोजच्या क्रियांचे शब्द दीर्घायुषी असतात आणि दूरवर प्रवासही करतात. आज कोणत्याही शहरातील सौंदर्यगृहाची पाटी वाचली तर तीवर फेशियल, मसाज, स्क्रब, अरोमाथेरपी, डिटॉक्स असे शब्द दिसतात. हे सगळे परके आणि आपले ते घरगुती, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. इतिहास पाहू जाता ही वाटणी टिकत नाही.

प्रथम उटण्याचा विचार करू. संस्कृत ‘उद्वर्तन’ हे या शब्दाचे मूळ. हिंदीतील ‘उबटन’ ही त्याची सख्खी बहीण. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम आढळतो. अभ्यंग म्हणजे तेल जिरवणे आणि उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग घासणे, हा भेद तेथे स्पष्ट आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल आणि मग उटणे हा जो क्रम घरोघरी पाळला जातो, तो या जुन्या दिनचर्येशी जुळणारा आहे. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा, गव्हला ही उटण्यातील नावे उच्चारली की काष्ठौषधींच्या दुकानाचा वास येतो. येथे शब्दाने वस्तू कळते आणि कृतीही कळते.

हा विषय केवळ घरगुती नव्हता, तो राजनीतीच्या ग्रंथांतही येतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कन्नड जेथे शतकानुशतके एकमेकींत मिसळत आल्या, तो हा मुलूख. राजाच्या उपभोगांत सोमेश्वराने स्नान, तांबूल आणि विलेपन यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. कांडताना महाराष्ट्रातील स्त्रिया ज्या ओव्या गातात, त्यांचा उल्लेखही याच ग्रंथात येतो, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच.

पुढे फारसी अमदानीत नवे शब्द आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने दरबारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. परंतु अत्तर, गुलाब, सुरमा, मालिश हे शब्द मराठीच्या अंगाला इतके मुरले होते की ते हलले नाहीत. यांपैकी ‘गुलाब’ मोठा मजेचा आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. अर्थात गुलाब हेच मुळात गुलाबपाण्याचे नाव. आपण ते फुलाला दिले आणि मग पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ असा दुहेरी पाण्याचा शब्द घडवला.

याहून विचार करायला लावणारा शब्द ‘हजामत’ हा आहे. अरबी ‘हिजामा’ म्हणजे तुंबडी लावून अशुद्ध मानलेले रक्त काढणे. हे काम करणाराच केसही कापीत असे. त्यामुळे शब्द रक्तावरून केसांवर आला आणि मूळ अर्थ मागे पडला. आपल्याकडेही ही क्रिया अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा ही तीन साधने सांगितली असून वात, पित्त आणि कफ या दोषांनुसार त्यांची योजना केली आहे. त्या भोपळ्याची मराठी तुंबडी झाली. आज हीच क्रिया ‘कपिंग थेरपी’ या नावाने खेळाडूंच्या पाठीवर दिसते. तिच्या गुणांविषयी पुष्कळ दावे केले जातात. वैद्यकीय पुरावा मात्र मर्यादित आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकाला दिसते ते वेगळेच. ज्या न्हाव्याकडे केस कापणे, तुंबडी लावणे, अंग रगडणे ही सर्व कामे होती, त्याचा व्यवसाय मराठीत फसवणुकीचा आणि खरडपट्टीचा वाक्प्रचार होऊन बसला. ‘न्हावी’ या शब्दाचा संबंध अनेक व्युत्पत्तिकार ‘स्नापित’, म्हणजे न्हाऊ घालणारा, याच्याशी जोडतात. बारा बलुतेदारांतील या कारागिराच्या हाताची कला गावाने घेतली. मान मात्र दिला नाही.

त्याच कलेला परदेशात कसा मान मिळाला, याचे उदाहरण ‘शांपू’ या शब्दात आहे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला शेख दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेतून १७८४ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे गेला. १७९४ साली त्याने आपले प्रवासवृत्त इंग्रजीत प्रसिद्ध केले. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. १८१० साली त्याने लंडनमध्ये ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’ काढले, परंतु धंदा चालला नाही. १८१४ च्या सुमारास तो ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेला आणि तेथे त्याने औषधी वाफेचे स्नान व अंगमर्दन यांचे स्नानगृह सुरू केले. संधिवाताने गांजलेले श्रीमंत लोक त्याच्याकडे येऊ लागले. १८२२ साली त्याने या उपचारावर पुस्तक लिहिले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा ‘शांपूइंग सर्जन’ म्हणून त्याची नियुक्ती झाली. १८५१ साली तो निवर्तला.

येथे ‘शांपू’ म्हणजे केस धुण्याचे द्रव्य नव्हे. हिंदी ‘चाँपना’, म्हणजे दाबणे, या क्रियापदाच्या ‘चाँपो’ या आज्ञार्थी रूपाचा तो इंग्रजी अवतार. आपल्या आया-आज्या ‘पाय चेपून दे गं’ म्हणत, त्यात हीच क्रिया आहे. केस धुण्याचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. पुढे क्रियेचे नाव द्रव्याला मिळाले आणि ते द्रव्य बाटलीत भरून आपल्याकडे परत आले. शिकेकाई आणि रिठा यांना त्याने फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात ढकलले. एकाच दुकानात आज न्हावी ‘चंपी’ करतो आणि ‘शांपू’ विकतो. दोन्ही शब्द एकाच घरचे; पण एकाला दाम अधिक आणि दुसऱ्याला कमी.

‘साबण’ या शब्दाचा प्रवास असाच दुहेरी आहे. लॅटिन ‘सापो’पासून एकीकडे अरबी ‘साबून’ झाले आणि दुसरीकडे पोर्तुगीज ‘साबांव’. मराठीने तो कोणाकडून घेतला? गोव्यातील आसगावचे सुपुत्र मोन्सेन्योर सेबास्त्यांव रुदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. अशा शब्दांचा निर्णय एका भाषेत बसून होत नाही, हा धडा त्यांच्या कामातून मिळतो. गोमंतकीय कोंकणीतील ‘साबू’ आणि मराठीतील ‘साबण’ शेजारी ठेवून पाहिले की दोन समुद्रमार्ग एकाच न्हाणीत येऊन मिळालेले दिसतात.

आता शब्दांच्या बदलत्या अर्थाची काळी बाजू. चरकसंहितेत पन्नास महाकषायांपैकी एक ‘वर्ण्य’ नावाचा आहे. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा यांचा त्यात समावेश होतो. वर्ण्य म्हणजे कांतीला हितकर. त्याचा अर्थ ‘गोरे करणारे’ असा नव्हे. परंतु १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आल्यानंतर कांती आणि गोरेपणा यांतील अंतर जाहिरातींनी पुसून टाकले. २०२० साली त्या मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत किती सावळ्या मुलींनी आरशासमोर मान खाली घातली असेल, याचा हिशेब कोणत्याही कोशात मिळणार नाही.

शब्दाला पैशाचे मोलही असते. ‘विको’च्या हळदीच्या मलमाला प्रसाधन म्हणायचे की आयुर्वेदिक औषध, हा वाद अबकारी कराच्या निमित्ताने वर्षानुवर्षे चालला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात औषधाच्या बाजूने लागला. त्याआधी त्याच हळदीने एक मोठा खटला पाहिला होता. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेत १९९५ साली देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे गोव्यातील माशेलचे. १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. ‘आमच्या आज्या हळद लावीत’ एवढे सांगून मात्र ते रद्द होणारे नव्हते. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यादाखल मांडावे लागले. लिहिलेला शब्द तेथे साक्षीला आला.

ही घटना आपल्यासारख्या मंडळांना महत्त्वाची वाटायला हवी. बेळगावची मराठी, इंदूर-ग्वाल्हेरची मराठी, बडोद्याची आणि हैदराबादची मराठी या शेजारच्या भाषांच्या संगतीत वाढल्या. बाळंतिणीचे शेक-शेगडी, बाळाचे न्हाऊमाखू, धुरी, लेप, काढे, केसांची तेले यांचे त्या त्या गावचे शब्द घरातील वृद्ध स्त्रियांच्या ओठांवर आहेत. पुष्कळदा कागदावर कोठेच नाहीत. सर्व जुने ते गुणकारी असे मानण्याचे कारण नाही. कोणता लेप उपयोगी आणि कोणता अपायकारक, हे प्रयोगशाळेने आणि वैद्यांनी ठरवावे. परंतु त्याचे नाव काय होते, तो कोण करीत असे, कोणासाठी आणि कसा, हे टिपून ठेवणे भाषेच्या उपासकांचे काम आहे. नावच गेले तर परीक्षा तरी कशाची करणार?