कॅमकॉर्डरची फीत आणि १३.५ मेगाहर्ट्झ

२४ ऑक्टोबर १९९५ रोजी, आश्विन अमावास्येच्या सकाळी, चंद्राची सावली राजस्थानातून भारतात शिरली आणि उत्तर प्रदेश, बिहार ओलांडून बंगालच्या किनाऱ्याकडे निघून गेली. खग्रास स्थिती साधारण मिनिटभरच टिकली. १९८० च्या ग्रहणाच्या वेळी जगात कोठेच नसलेले एक साधन आता सामान्य माणसाच्या हाती आले होते: कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच पेटीत असलेला कॅमकॉर्डर. चंद्राच्या दऱ्यांतून झिरपणारे सूर्यप्रकाशाचे ठिपके, म्हणजे 'बेलीचे मणी', नेमके केव्हा मावळले आणि केव्हा उजळले हे ग्रहणपट्ट्याच्या कडेजवळून टिपता आले, तर त्यावरून सूर्याचा व्यास काढता येतो. शेजारच्या रेडिओवरचे वेळेचे ठोके आवाजात आले असतील, तर घरगुती फीतही या कामी येऊ शकते. अशा फितीत कुटुंबाची आठवण असते, तशी एक खगोलीय नोंदही असते. ती संगणकावर आणताना आठवण सहसा टिकते. नोंद मात्र बऱ्याचदा हरवते.

फितीवर चित्रे नसतात, लहर असते. चित्रसंकेताची वारंवारता काही दशलक्ष हर्ट्झपर्यंत जाते. ती नोंदवायला फीत ध्वनिमुद्रणासारखी सरळ पळवली, तर एका कार्यक्रमाला किलोमीटरच्या किलोमीटर फीत लागेल. १९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने यावर तोड काढली: फीत सावकाश चालवायची आणि हेड गरागरा फिरवायचे. १९७६ च्या व्हीएचएसमध्ये हीच कल्पना घराघरांत पोहोचली. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, पण हेड तिच्यावरून ४.८५ मीटर वेगाने घासत जाते. प्रत्येक फेऱ्यात दोन तिरक्या रेघा उमटतात. एका रेघेत चित्राच्या विषम ओळी, पुढच्या रेघेत सम. या अर्ध्या चित्राला 'फील्ड' म्हणतात. सेकंदाला अशी ५० फील्ड असतात आणि प्रत्येक वेगळ्या क्षणी टिपलेले असते. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

पालमधील एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद लागायला हवेत. परंतु फीत ताणली जाते, मोटरचा वेग किंचित हलतो आणि प्रत्येक ओळ कणभर आधी किंवा नंतर येते. जुन्या टीव्हीची नळी हे निमूटपणे सांभाळून घेई. संगणक तसे करत नाही. त्याला प्रत्येक नमुना ठरलेल्या ठोक्याला हवा असतो. म्हणून रूपांतराच्या वाटेत या वेळेच्या चुका दुरुस्त करणारे यंत्र, टाइम बेस करेक्टर, लागते. स्वस्त यूएसबी जोडण्यांत ते बहुधा नसतेच. मग चौकटी गळतात आणि तासाभराच्या चित्रीकरणात आवाज चित्रापासून सुटतो.

तो ठोका कोणता असावा, हे १९८२ मध्ये ठरले. दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरदर्शन आले, ते हेच वर्ष. अमेरिका आणि जपानमध्ये ५२५ ओळी, युरोप आणि भारतात ६२५. सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीच्या ६०१ क्रमांकाच्या शिफारशीने दोघांसाठी १३.५ मेगाहर्ट्झ हा एकच दर घेतला. त्यामुळे ६२५ ओळींच्या पद्धतीत एका ओळीत ८६४ नमुने बसतात, ५२५ च्या पद्धतीत ८५८; दोन्हीकडे पूर्णांक, आणि दोन्हीकडे चित्रासाठी ७२०. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतून इतके देखणे गणित क्वचितच निघते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा ७२० × ५७६ हा विचित्र आकार येथूनच आला. यातले ठिपके चौरस नाहीत. ही दुरुस्ती विसरली, तर सूर्याची तबकडीही उभट दिसते.

या दराने तासाभराचे चित्र सुमारे ७५ गिगाबाइट होते. त्या काळच्या घरगुती संगणकाला ते अशक्यच होते. १९९५ मध्ये, म्हणजे ग्रहणाच्याच वर्षी, डीव्ही हा प्रकार आला आणि तास १३ गिगाबाइटमध्ये मावू लागला. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे आवळलेली असल्याने हवी तेथे कात्री लावता येई. फायरवायरच्या तारेतून आकडे जसेच्या तसे संगणकात उतरत. १९९९ पासूनचे अनेक डिजिटल-८ कॅमकॉर्डर जुन्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ फिती वाचून डीव्हीत पाठवत. घरच्या फितींना मिळालेला हा बहुधा सर्वांत सोपा पूल होता.

आता फील्डकडे परत. संगणकाच्या पडद्यावर दोन फील्ड एकत्र दिसली, की हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ते घालवण्यासाठी बरीच सॉफ्टवेअरे एक फील्ड टाकून देतात किंवा दोन्ही मिसळतात. चित्र गुळगुळीत होते. वेळेची सूक्ष्मता मात्र २० मिलिसेकंदांवरून ४० वर घसरते. ग्रहणात चंद्राची कड सूर्यावरून सेकंदाला साधारण अर्धी विकला सरकते, म्हणजे सूर्याच्या अंतरावर तीन-साडेतीनशे किलोमीटर. एका फील्डमध्ये सहा-सात किलोमीटर, एका चौकटीत तेरा-चौदा. लग्नाच्या वरातीला या फरकाचे काही नाही. सूर्याचा व्यास मोजणाऱ्याला आहे.

यंत्रे मात्र फितींच्या आधी संपत आहेत. जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. २०१९ मध्ये युनेस्कोने इशारा दिला, की फिती वाजवण्याची साधने २०२५ च्या सुमारास दुर्मिळ होतील. दरम्यान हौशी अभियंत्यांनी वेगळी वाट काढली आहे. 'व्हीएचएस-डिकोड' या मुक्त प्रकल्पात हेडकडून येणारी कच्ची लहरच सेकंदाला कोट्यवधी नमुन्यांनी उचलतात आणि वेळेच्या दुरुस्तीसह बाकी सारे काम सॉफ्टवेअर करते. व्हीसीआरच्या आतल्या मंडलांची गरज त्यामुळे कमी झाली, फिरणाऱ्या ड्रमची नाही.

कोकण, गोवा, कोलकाता अशा दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट थेट यंत्रात घातली, तर हेड बुजते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी साफसफाई, मग वाचन. आणि मिळालेली पहिली फाइल तिच्या सर्व ५० फील्डांसह बाजूला ठेवून कात्री चालवायची ती प्रतीवर.