ब्राउझर रिफ्रेश करा, बास!

जावा वेबचा विषय निघाला की आमच्या ऑफिसातले सीनियर लोक एकच कहाणी सांगतात. एक ओळ बदलायची, कंपाइल करायचं, वॉर फाइल बांधायची, ती टॉमकॅटमध्ये टाकायची, सर्व्हर रीस्टार्ट करायचा आणि चहाला जायचं. फाइलचं नावच वॉर, म्हणजे बघा! चहा पिऊन आलं की पुन्हा लॉगिन, पुन्हा तीन पानं ओलांडून त्याच फॉर्मवर, आणि तिथे कळणार की लेबलचं स्पेलिंग अजून चुकलेलंच आहे. असं काही वेळा झालं की 'पर्मजेन स्पेस' संपली म्हणून सर्व्हर आडवा. मी नोकरीला लागलो तोवर हे बरंचसं संपलेलं होतं. मग ते संपवलं कोणी, हे शोधता शोधता मी पॅरिसला जाऊन पोचलो. (गूगलवरून हो, कंपनी कुठली पाठवतेय!) तर आज प्ले फ्रेमवर्कची गोष्ट.

मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. २००० साली क्रेग मॅक्लॅनहन यांचं स्ट्रट्स आलं, मार्च २००४ मध्ये स्प्रिंग १.० आलं. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण एक पान दाखवायचं तर आधी ढीगभर एक्सएमएल. त्याच वर्षी जुलैमध्ये डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी रुबी ऑन रेल्स बाहेर काढलं आणि जावावाल्यांची झोप उडाली. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की प्रोजेक्टचा सांगाडा तयार, दुसरी दिली की सर्व्हर चालू. जावाच्या बाजूने उत्तरं आली. ग्रूव्ही भाषेतलं ग्रेल्स (१.० फेब्रुवारी २००८ मध्ये), जेबॉस सीमचं सीम-जेन, २००९ चं स्प्रिंग रू. पण यातल्या बऱ्याच जणांनी रेल्सकडून उचललं ते मुख्यतः आपोआप कोड लिहून देण्याचं कसब. खरं दुखणं होतं ते वाट बघण्याचं.

पॅरिसच्या झेनेक्झिटी या कंपनीत गियोम बोर नावाचा इंजिनियर होता. त्याने जे बनवलं त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या २००७ मध्ये कंपनीच्या साइटवर होत्या, मे २००८ मध्ये कोड लाँचपॅडवर आला, आणि १.० आवृत्ती ऑक्टोबर २००९ मध्ये. ही वेब फ्रेमवर्क असून सर्व्हलेटवर उभी नव्हती. जावाच्या दुनियेत हे म्हणजे लग्नात भटजीच न बोलावण्यासारखं!

वापरायची पद्धत अशी. 'प्ले न्यू' म्हणायचं, तो ॲप्लिकेशनचं नाव विचारतो आणि फोल्डर मांडून देतो. मग 'प्ले रन', आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ९००० नंबरचं पोर्ट. झालं. टर्मिनलवर अक्षरांनी काढलेला लोगो यायचा आणि प्रत्येक ओळीच्या आधी एक नागमोडी रेघ. गंमत म्हणजे ही कमांड स्वतः पायथॉनमध्ये लिहिलेली होती. जावाचं ओझं कमी करायला पायथॉन, असो. 'प्ले टेस्ट' दिलं की टेस्ट ब्राउझरमध्येच हिरव्या-लाल दिसायच्या. 'प्ले एक्लिप्सिफाय' म्हटलं की एक्लिप्सचा प्रोजेक्ट तयार. सर्व्हरवर 'प्ले स्टार्ट', 'प्ले स्टॉप', 'प्ले स्टेटस'. आणि ज्यांच्या क्लायंटला टॉमकॅटच हवा त्यांच्यासाठी 'प्ले वॉर' सुद्धा, म्हणजे शत्रूशी तह.

पण खरी जादू कमांड देऊन झाल्यावर सुरू व्हायची. तुम्ही एडिटरमध्ये जावाची फाइल सेव्ह करायची आणि ब्राउझर रिफ्रेश करायचा, बास. रिक्वेस्ट आली की प्ले आधी कुठल्या फाइल बदलल्यात ते बघायचा, त्या एक्लिप्सच्या कंपायलरने तिथल्या तिथे कंपाइल करायचा, आणि जमलं तर चालू जेव्हीएममध्येच नवा कोड बदलून टाकायचा, नाही जमलं तर सगळं ॲप्लिकेशन नव्याने लोड करायचा. चूक असेल तर ब्राउझरमध्येच तुमच्या कोडची ती ओळ रंगवून दाखवायचा.

आता प्रश्न असा की ॲप्लिकेशन असं मधेच नव्याने लोड झालं तर लॉगिन कसं टिकतं? इथे मला बोरची खरी हुशारी दिसते. प्लेने सेशन सर्व्हरच्या मेमरीत ठेवलंच नाही. ते सही करून कुकीत घातलं आणि ब्राउझरकडे देऊन टाकलं. सर्व्हरकडे लक्षात ठेवायला काहीच नाही, त्यामुळे तो कितीही वेळा मेला आणि उठला तरी कोणाला पत्ता लागत नाही. 'प्ले सीक्रेट' ही कमांड त्या सहीचीच किल्ली नवी करून द्यायची. म्हणजे एका बाजूला डेव्हलपरचा चहा वाचला आणि दुसऱ्या बाजूला तेच ॲप्लिकेशन एकाऐवजी चार सर्व्हरवर चालवणं सोपं झालं. किंमत एवढीच की कुकीत चार केबीच्या वर काही मावत नाही, आणि तिच्यावर फक्त सही असते, कुलूप नसतं. पासवर्ड वगैरे त्यात ठेवायचे नाहीत.

या सोपेपणासाठी प्लेने जावाचे बरेच संस्कार मोडले. फील्ड सरळ पब्लिक, गेटर-सेटर तो मागच्या दाराने बाइटकोडमध्ये घालायचा. कंट्रोलरच्या मेथड स्टॅटिक. एका ॲक्शनमधून दुसरी ॲक्शन कॉल केली तर तो मेथड कॉल न राहता ब्राउझरला रीडायरेक्ट जायचा! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कोड दोनदा तपासला. पाठ्यपुस्तकातलं जावा मानणाऱ्यांनी नाकं मुरडली, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. बाइटकोडशी इतकं खेळलं की जावा पुढे सरकली तरी तुम्ही मागे अडकता. आमच्याकडे १.२ वर चालणारं एक जुनं ॲप्लिकेशन आहे, त्याच्या पोटातल्या कंपायलरला जावा ८ चं लॅम्डा म्हणजे काय हेच माहीत नाही.

'मग अपग्रेड करा की', तुम्ही म्हणाल. तिथेच तर गोम आहे. १.२ एप्रिल २०११ मध्ये आलं आणि एक वर्षसुद्धा झालं नाही तोच, १३ मार्च २०१२ ला प्ले २.० आलं. नाव तेच, घर मात्र नवीन. गाभा स्कालात, बिल्ड एसबीटीवर, टेम्प्लेट कंपाइल होणारी. टाइप सेफ्टी वाढली, मोठ्या ट्रॅफिकसाठी पाया चांगला झाला, लिंक्डइनसारख्या कंपन्यांनी ते वापरलं. पण एकाचं दोन करायचं तर ॲप्लिकेशन जवळजवळ नव्याने लिहायला लागणार. जी माणसं 'जावा सोपी होईल' म्हणून आली होती त्यांच्या हातात स्कालाचे एरर मेसेज आले, आणि कंपाइल व्हायला लागणारा वेळ परत आला. इंजिनियरिंगच्या हिशोबाने तो निर्णय समजतो, पण विश्वासाच्या हिशोबाने मला तो अजून पटत नाही. निदान नाव तरी वेगळं द्यायचं. १.३, १.४, १.५ अशा आवृत्त्या नंतरही निघाल्या, त्या जुन्या वाटेवरच राहिलेल्या लोकांच्या चिकाटीवर.

'प्ले' ही कमांडही टिकली नाही. २०१४ च्या २.३ मध्ये तिची जागा 'ॲक्टिव्हेटर'ने घेतली, २०१७ मध्ये तोही गेला आणि उरलं साधं 'एसबीटी न्यू'. ऑक्टोबर २०२१ मध्ये लाइटबेंड कंपनीने प्लेची जबाबदारी सोडून ती कम्युनिटीकडे दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये आक्काचं लायसन्स बदललं, म्हणून ऑक्टोबर २०२३ चं प्ले ३.० पेक्कोवर उभं केलं गेलं.

दरम्यान एप्रिल २०१४ मध्ये स्प्रिंग बूट १.० येऊन बसलं होतं, सर्व्हर पोटात घेऊन, एका जारमध्ये. बहुतेक जण तिकडे गेले, आणि मी नोकरीला लागलो तो थेट तिथेच. त्याचे डेव्हटूल्स फाइल बदलली की ॲप्लिकेशन रीस्टार्ट करतात. पण रिक्वेस्ट आल्यावरच फाइल तपासायच्या आणि तेव्हाच कंपाइल करायच्या, ही बोरची युक्ती मला पुन्हा भेटली ती रेड हॅटच्या २०१९ च्या क्वार्कसमध्ये. 'क्वार्कस डेव्ह' द्या, फाइल सेव्ह करा, ब्राउझर रिफ्रेश करा. त्याच्या पनाशमध्ये फील्डसुद्धा पब्लिक आहेत, आणि गेटर-सेटर मागच्या दाराने येतात.