पाव सेलरचा, सेलर कुणाचा?

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आमच्या वर्गाची सहल गेली, तेव्हा मॅडमनी दारातच एक काम दिलं. "आत देव, सम्राट, सेनापती भरपूर आहेत. मला अशा एका माणसाचं नाव शोधून आणा, ज्याचा पुतळा कुणी घडवला नाही."

सोपं वाटलं, पण तासभर काही सापडेना. तीन मीटरहून उंच संगमरवरी हर्क्युलीस पाहिला. पॉम्पेईच्या घरांतली भित्तिचित्रं पाहिली, चांदीची भांडी पाहिली. ती भांडी घासणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

मग एका काचेआड पाव दिसला. गोल, कोळशासारखा काळा, तोडायला सोपं जावं म्हणून वर आठ भागांच्या खुणा केलेला. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या पायथ्याची पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही शहरं गाडली गेली. हर्क्युलेनियममधला हा पाव त्या प्रचंड उष्णतेत जळून कोळसा झाला, म्हणूनच टिकला. त्याच्यावर लॅटिन अक्षरांचा शिक्का आहे. अर्थ असा: 'क्विंटस ग्रॅनियस व्हेरस याचा गुलाम सेलर, त्याचा हा.'

नाव सापडलं होतं!

रोमन शहरांत बरेच लोक पाव विकत घेत, किंवा दुसऱ्याच्या भट्टीत भाजून आणत. अशा भट्टीत पावांची अदलाबदल होऊ नये, म्हणून हा शिक्का मारला असावा. डब्यावर नाव घालतो, तसा. सेलर म्हणजे चपळ. गुलामाचं नाव बहुतेकदा मालकच ठेवायचा, त्यामुळे हे नावही त्याचं स्वतःचं होतं की नाही, कोण जाणे.

त्या पावामागे किती कष्ट होते, ते पॉम्पेईच्या बेकऱ्यांमध्ये कळतं. तिथे लाव्हाच्या दगडाची, वाळूच्या घड्याळाच्या आकाराची मोठमोठी जाती अजून उभी आहेत. वरच्या पोकळ दगडात धान्य ओतायचं, तो खालच्या शंकूभोवती फिरवायचा, की खाली पीठ पडतं. फिरवायला गाढवं जुंपत, नाहीतर गुलाम. मोडेस्टसची बेकरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जागी तर भट्टीत ८१ पाव तसेच राहिलेले सापडले.

डिसेंबर २०२३ मध्ये पॉम्पेईतल्या अशाच आणखी एका बेकरीची माहिती प्रसिद्ध झाली. अंधारी, कोंदट खोली, उंचावर छोट्या खिडक्या आणि त्यांना लोखंडी गज. जात्याभोवती फिरणाऱ्या जनावरांची पावलं ठरल्या जागीच पडावीत, म्हणून जमिनीवर खाचा कोरलेल्या. गुलाम आणि गाढवं तिथे एकत्रच कोंडलेली असत, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडे जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या ओव्या तरी मागे उरल्या. या खोलीत दळणाऱ्यांचा एक शब्दही उरलेला नाही.

रोमन जीवन म्हटलं की आपल्याला स्नानगृहं, रस्ते, आखाडे आठवतात. ते सगळं खरंच होतं. पण त्या शहरांची सकाळ ज्यांच्या हातांनी सुरू व्हायची, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत. सेलरचं पोचलं, तेही एका पावामुळे.

परत येऊन मी मॅडमना नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "शिक्क्यात नावं किती आहेत?"

मी म्हटलं, "दोन. सेलरचं आणि मालकाचं."

"मग नीट वाच. पाव कुणाचा?"

"सेलरचा."

"आणि सेलर?"

मी गप्प झालो. माझ्या फोनमध्ये त्या दिवशीचे दीडशे फोटो आहेत. हर्क्युलीसचे किती आहेत ते मोजलेलं नाही. पावाचा एकच आहे, थोडा हललेला. पण कुणी रोमन लोकांबद्दल विचारलं, की मी आधी तोच दाखवतो.