कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय : वाचकाचा प्रवेश आणि ग्रंथाचा हक्क

कोलकात्याच्या अलीपूर भागात, पूर्वी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे निवासस्थान असलेल्या बेल्व्हेडिअर वास्तूत, १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते राष्ट्रीय ग्रंथालय वाचकांसाठी खुले झाले. मात्र तेथे कोणी वाचावे आणि तेथे कोणते ग्रंथ यावेत, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याआधीच्या शंभराहून अधिक वर्षांत बदलत गेली होती.

या संस्थेचे मूळ १८३६ साली स्थापन झालेल्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीत आहे. हंगामी गव्हर्नर जनरल चार्ल्स मेटकाफने फोर्ट विल्यम कॉलेजच्या संग्रहातील ४,६७५ ग्रंथ तिला दिले आणि द्वारकानाथ ठाकूर तिचे पहिले मालक-सभासद झाले. जो गृहस्थ ३०० रुपये एकरकमी अथवा तीन हप्त्यांत भरी, तो ग्रंथालयाचा भागीदार ठरत असे. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. तरीही गरीब विद्यार्थ्यांना काही काळ विनामूल्य वाचू देण्याची तरतूद चालकांनी केली, ही गोष्ट त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष म्हणून नोंदवली पाहिजे. पुढे १८९१ मध्ये सरकारी खात्यांचे ग्रंथसंग्रह एकत्र करून इंपीरियल लायब्ररी निर्माण झाली, पण तिचा लाभ मुख्यतः वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरताच राहिला. एकीकडे वर्गणीदारांची आणि दुसरीकडे अधिकाऱ्यांची, अशी ही दोन ग्रंथालये लॉर्ड कर्झनने एकत्र आणली, त्यासाठी १९०२ मध्ये कायदा केला, आणि ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्ये ते संयुक्त ग्रंथालय इंपीरियल लायब्ररी याच नावाने जनतेला खुले झाले. ब्रिटिश म्युझियममधून आलेले जॉन मॅकफर्लेन हे त्याचे पहिले ग्रंथपाल होते, आणि त्यांच्यानंतर बहुभाषाकोविद हरिनाथ दे यांनी ते पद भूषविले.

अशा मोठ्या संशोधन-ग्रंथालयात वाचक सहसा कपाटांपर्यंत जात नाही. तो तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या वर्गवार नोंदींत, हवे ते पुस्तक शोधतो, मागणीपत्र भरतो, आणि सेवकाने भांडारातून आणून दिलेले पुस्तक वाचनकक्षातच बसून वाचतो. त्यामुळे संग्रहात जे नाही किंवा ज्याची नोंद झालेली नाही, ते वाचकाच्या लेखी अस्तित्वातच नसते. इंपीरियल लायब्ररीची मोठी उणीव नेमकी येथे होती. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती प्रांतिक सरकारकडे जमा होत आणि त्यांच्या त्रैमासिक याद्यांवरून लंडनची ग्रंथालये ग्रंथ निवडून घेत, परंतु कोलकात्याच्या ग्रंथालयाला असा हक्क नव्हता. म्हणून पुण्या-मुंबईत छापलेले मराठी पुस्तक तेथे पोहोचेलच, याची शाश्वती नव्हती.

१९४८ मध्ये इंपीरियल लायब्ररीचे नाव बदलून ती राष्ट्रीय ग्रंथालय झाली, आणि १९५४ च्या ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स ॲक्ट’ने ही उणीव भरून काढली. या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रसिद्धीपासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्यास आणि एकेक प्रत अन्य तीन ग्रंथालयांस पाठवायची असते, व त्या तिघांत मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालयाचाही समावेश आहे. कोलकात्याची प्रत नकाशे व चित्रांसह परिपूर्ण, उत्तम कागदावरील आणि बांधलेली असावी, असा दंडक आहे. १९५६ मध्ये वृत्तपत्रांनाही हे बंधन लागू झाले. मात्र कसूर करणाऱ्यास ५० रुपयांपर्यंतचा दंड आणि ग्रंथाची किंमत, एवढीच शिक्षा कायद्याने ठरवली, आणि ती धाक बसविण्यास अगदीच अपुरी होती.

कायद्याने येणाऱ्या ग्रंथांखेरीज देणग्यांनीही हा संग्रह समृद्ध झाला. सर आशुतोष मुखर्जींच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाबरोबरच, शिवकाल व औरंगजेब यांच्यावर आयुष्यभर लेखन करणारे यदुनाथ सरकार यांचा संग्रहही येथे आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे ते निकटचे स्नेही होते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने शोधणाऱ्याला पुण्याच्या पेशवे दफ्तराइतकेच कोलकात्याकडेही लक्ष द्यावे लागते, ते सरकारांच्या या संग्रहामुळेच.

देणग्या ऐच्छिक असतात, पण प्रत्येक ग्रंथाची प्रत मिळण्याचा कायद्याने दिलेला हक्क टिकवण्याची जबाबदारी मात्र प्रकाशकांवरच येते. तालुक्याच्या गावी पदरमोड करून कविता, चरित्र किंवा गावचा इतिहास छापणाऱ्यांनी आपल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याला अवश्य पाठवावी.