तीन मिनिटं, वीस मिनिटं, तीस सेकंद

रेकॉर्डवरचं गाणं चांगलं की मोबाइलवरचं, हा वाद हल्ली पुन्हा रंगू लागला आहे. विनाइलच्या तबकड्या नव्याने निघतात, महाग विकल्या जातात आणि त्या घेणाऱ्यांमध्ये माझ्या वयाचे, म्हणजे कॅसेटच्या अखेरच्या दिवसांत जन्मलेले लोकही बरेच असतात. वादाचा सूर ठरलेला. एक म्हणतो, तबकडीच्या आवाजात ऊब आहे. दुसरा आकडे काढून दाखवतो. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, तेव्हा मी आकडेवाल्यांच्या बाकावर बसावं अशी अपेक्षा असते. पण मी नृसिंहवाडीचा आहे. वाडीच्या एका अंगाला मिरज आणि दुसऱ्या अंगाला कोल्हापूर. मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले, कोल्हापूर दरबारात अल्लादिया खाँ होते. पहिल्यांनी आपलं गाणं तबकडीवर दिलं, दुसऱ्यांनी दिलं नाही. या दोन निर्णयांच्या मधोमध उभं राहिलं की वादातला प्रश्नच बदलतो. आवाज कोणाचा चांगला, याआधी विचारावं लागतं की गाणं कुठे कापलं गेलं आणि कोणी कापलं.

गोष्ट १९०२पासून सुरू होते. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या दाबाने सुई थरथरायची आणि मेणावर खाच उमटायची. मेणाचे साचे जर्मनीत हॅनोवरला जायचे, तिथून तबकड्या होऊन परत यायच्या. तिथल्या कारागिरांना कोणाचं गाणं ते कळावं म्हणून गायिका शेवटी आपलं नाव सांगायची. १९०८ साली कोलकात्यात कारखाना निघाला, तेव्हा हा प्रवास थांबला. गंमत म्हणजे तबकडीत जी लाख वापरली जाई तिचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातूनच होत असे. आपलीच लाख, आपलंच गाणं आणि मधे एक समुद्रप्रवास.

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. तिच्या एका बाजूवर तीन, फार तर सव्वातीन मिनिटं मावत. रात्रभर चालणाऱ्या मैफलीच्या गायकाला हे माप म्हणजे शिक्षाच. अब्दुल करीम खाँनी १९०५च्या आसपास पहिल्यांदा मुद्रण केलं, ते कर्ण्यासमोर. पुढे १९३०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ओडियन कंपनीसाठी पुन्हा गायलं तेव्हा मायक्रोफोन आला होता. १९२५पासून विजेवरचं मुद्रण रूढ होत गेलं आणि हा बदल खाँसाहेबांच्या गळ्याला फार मानवला. त्यांचा आवाज नाजूक, उंच पट्टीचा, सुरावर रेंगाळणारा. कर्ण्याला जोर लागे, मायक्रोफोनला कुजबूजही पुरे.

त्या तीन मिनिटांत त्यांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. ख्यालाची वाढत त्यांनी घाईने उरकली नाही. त्यांनी रागाचा एकच कोपरा निवडला आणि तेवढाच उजळला. त्यांची झिंझोटीतली ठुमरी, भैरवीतली ठुमरी, 'मानापमान'मधलं देवगांधारातलं पद, इतकंच काय त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृतीसुद्धा या मापात बसली. झिंझोटीची ती तबकडी एका दुकानात वाजत होती, ती ऐकून एक मुलगा गाणं शिकायला घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर वारले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. तिथे आजही दरवर्षी त्यांच्या नावाने गाणं होतं. वाडीहून तिथवर जायला वीसेक किलोमीटर.

आता कोल्हापूर. अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारातले गायक. जयपूर-अत्रौली गायकी त्यांच्यापासून वाढली. पण त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका बाजारात आली नाही. १९४६ साली ते गेले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. ही केवढी हानी, असं आपण म्हणतो. पण गायकी गेली नाही. ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांत उतरली, कारण त्यांनी वर्षानुवर्षं समोर बसून ती घेतली होती. तबकडी नसल्यामुळे शिष्य हीच एकमेव प्रत होती आणि प्रत चांगली निघावी याची काळजी गुरूला घ्यावीच लागत होती.

केसरबाईंनी मात्र मुद्रण केलं, निवडून आणि थोडं. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर गेली. दोन्ही यानांवर एकेक तबकडी आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची. ती मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ज्या गायकीच्या मूळ पुरुषाचा आवाज पृथ्वीवर ऐकायला मिळत नाही, तिची एक भैरवी आंतरतारकीय अवकाशात पोचली आहे.

तिसरी पिढी किशोरी आमोणकरांची, मोगूबाईंच्या कन्येची. तोवर एलपी आली होती. १९४८ साली अमेरिकेत सुरू झालेली ही बारा इंची विनाइल तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात. किशोरीताईंच्या प्रसिद्ध एलपीवर एका बाजूला बागेश्री आहे, दुसऱ्या बाजूला भूप. आधी विलंबित, मग द्रुतात 'सहेला रे'. हे माप रागाला बरंच सोयीचं होतं. मैफल नाही, पण मैफलीचा नकाशा त्यात मावत होता.

इथे इंजिनिअर म्हणून एक हिशेब सांगतो. तबकडी फिरण्याचा वेग कायम असतो, पण सुई आत आत सरकत जाते. काठाजवळ, साडेचौदा सेंटिमीटर त्रिज्येवर, सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते. लेबलाजवळ, सहा सेंटिमीटरवर, जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबायचा. म्हणून बाजूच्या शेवटी तार स्वर किंचित फाटतात. पाश्चात्य पॉपच्या तबकडीवर एक संथ गाणं शेवटी टाकलं की भागतं. आपल्याकडे तसं करता येत नाही. विलंबित आधी आणि द्रुत शेवटी, हा क्रम रागसंगीताने ठरवलेला. सगळ्यात दाट तान नेमकी सगळ्यात अरुंद जागेत येते. ज्या ऊबेचं कौतुक होतं तिच्यात असा यंत्राचा दोषही मिसळलेला असतो.

१९८२ साली आलेल्या सीडीने हा हिशेब संपवला. सेकंदाला ४४,१०० नमुने, शेवटच्या मिनिटाला पहिल्या मिनिटाइतकाच न्याय. अगदी हलक्या आणि अगदी मोठ्या आवाजातलं अंतर सीडी ९६ डेसिबलपर्यंत पेलते, विनाइल साधारण ६० ते ७०. तेव्हा केवळ आवाजाच्या अचूकतेवर वाद असेल तर तो डिजिटलने जिंकला आहे.

पण अचूक कशाशी? भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. त्यामुळे अब्दुल करीम खाँच्या तबकड्या आता सगळ्यांच्या झाल्या आहेत आणि कोणीही त्या चढवू शकतो. ७८ हा आकडा लेबलावर असला तरी जुन्या तबकड्या प्रत्यक्षात कमीजास्त वेगाने मुद्रित होत. ७४वर मुद्रित झालेली ७८वर वाजवली तर गाणं जवळजवळ अर्धा स्वर वर चढतं. लय वाढते, आवाज पातळ होतो. ज्या गायकाची सगळी कीर्ती सुरावर उभी आहे, त्याचा षड्ज कुठला, हे आज एखाद्या अनोळखी माणसाच्या तबकडी फिरवायच्या यंत्रावर ठरतं. खरखर काढण्याच्या नादात तंबोराही पुसला जातो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट मापाची. स्ट्रीमिंगला वेळेची मर्यादा नाही, असं वाटतं. पण स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं मोजलं जातं आणि वीस मिनिटांचा राग व दोन मिनिटांचं गाणं या हिशेबात सारखंच भरतं. विलंबित ख्यालाच्या पहिल्या तीस सेकंदांत तंबोरा आणि फार तर एक षड्ज होतो. तीन मिनिटांच्या मापाने गायकाला कापायला लावलं होतं, ते निदान त्याला माहीत होतं आणि अब्दुल करीम खाँसारखा माणूस त्यातून कला काढू शकला. तीस सेकंदांचं माप ऐकणाऱ्याच्या हातात आहे आणि त्याला ते माप आहे हेच ठाऊक नसतं. शिवाय तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, हे एलपीच्या पाठीवर वाचायला मिळे. मोबाइलवर ती नावं अनेकदा गळतात.

म्हणून तबकडीकडे परत चला, असं मात्र मी म्हणणार नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर राहणाऱ्याला वस्तूंचा भरवसा नसतो. २०१९च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या घरांतून काय काय गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. लाखेची तबकडी पाण्याने लगेच मरत नाही. पण कागदी वेष्टण कुजतं, लेबल सुटतं, गाळाची बारीक रेती खाचेत बसते. लेबल गेलं की गाणं उरतं आणि गायक हरवतो. स्ट्रीमिंगवरही पूर येतो, फक्त तो दिसत नाही. करार संपला की एके दिवशी अल्बम करडा होऊन पडतो.

वाडीला एक सवय आहे. पाणी देवळात चढू लागलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. आरडाओरडा नाही, काय आधी न्यायचं ते ठरलेलं असतं. पाणी ओसरलं की पुन्हा खाली. पालखीच्या वेळी पदं म्हणतात तीही अशीच टिकली, एका पिढीने दुसरीच्या मागून चालत म्हटली म्हणून. टेंबे स्वामींची करुणात्रिपदी आज मोबाइलवर अनेक आवाजांत मिळते, पण पावलांच्या लयीवर आणि लोकांच्या थांबण्यावर चालणारी ती पदं कुठल्याच मापात बसत नाहीत.

आपल्या भागात अजून कितीतरी कपाटांत तबकड्या आहेत. त्या वर न्यायच्या म्हणजे डिजिटल करायच्या, पण नीट. तंबोऱ्याशी पट्टी ताडून वेग ठरवायचा आणि तो लिहून ठेवायचा, लेबलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा, खरखरीसकट एक मूळ प्रत राखायची. सुधारणा करायच्या त्या दुसऱ्या प्रतीवर. हे काम एका माणसाला, एका लॅपटॉपवर, सुट्टीच्या दिवशी जमण्यासारखं आहे. पुढच्या पावसाळ्याआधी केलेलं बरं.