परदेशातून कायमचे परत येताना : तीन हिशोब

बडोद्यातील आपल्या बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी आखातात किंवा अमेरिकेत आहे. त्यांपैकी काही आता कायमचे परत येत आहेत. बँक, प्राप्तिकर आणि घर या तिन्ही ठिकाणी परत येण्याचा हिशोब वेगवेगळा धरला जातो. तो आधी समजून घेतला तर पुढचा मनस्ताप टळतो.

१. बँक : तारीख

नोकरी, व्यवसाय किंवा कायम वास्तव्याच्या हेतूने परतलेली व्यक्ती फेमा कायद्यानुसार आल्या दिवसापासून रहिवासी धरली जाते. त्यामुळे बँकेला लगेच कळवावे.

• एनआरओ खाते साध्या रहिवासी खात्यात बदलून घ्यावे.
• एनआरई खाते रहिवासी करावे किंवा रक्कम आरएफसी खात्यात वळवावी. आरएफसीमध्ये पैसे परकीय चलनातच राहतात.
• एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते.

माझा मुलगा चौदा वर्षांनी मस्कतहून परतला, तेव्हा मी स्वतः बँकेतून निवृत्त झालेला असूनही "बघू सावकाश" म्हणालो. एनआरई ठेवीचे व्याज करमुक्त समजून दोन वर्षे विवरणपत्रात दाखवलेच नाही. रहिवासी झाल्यावर ती सवलत राहत नाही. शेवटी कर भरला आणि त्यावर व्याजही भरले.

२. प्राप्तिकर : दिवस

इथे भारतातील मुक्कामाचे दिवस मोजतात. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस राहिलेला रहिवासी ठरतो. आधीच्या वर्षांतील मुक्काम जास्त असेल तर कमी दिवसांतही ठरू शकतो. मात्र आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असलेल्या, किंवा आधीच्या ७ वर्षांत ७२९ पेक्षा जास्त दिवस भारतात न राहिलेल्या व्यक्तीला 'रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही' हा दर्जा मिळतो. तो असेपर्यंत परदेशात मिळालेल्या व्याजावर किंवा घरभाड्यावर इथे कर लागत नाही. तो संपल्यावर जगभरातील उत्पन्न आणि परदेशातील मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. म्हणून पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

आरोग्य विम्याचाही विचार लवकर करावा. तिकडच्या नोकरीबरोबर तिथला विमा संपतो आणि इथल्या नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. शक्य असल्यास परतण्याआधीच पॉलिसी घ्यावी.

३. घर : इथे मोजदाद नाही

शाळेपासून सुरुवात होते. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सक्तीचे आहे. आमची नात तेव्हा पाचवीत होती आणि तिला देवनागरीही धड वाचता येत नव्हती. आजीने रोज अर्धा तास दोन्ही लिप्यांची मुळाक्षरे शेजारी शेजारी लिहून घेतली. बरीच अक्षरे सारखी असल्याने दिवाळीपर्यंत ती दुकानांच्या पाट्या वाचू लागली.

मोठ्यांचे अधिक अवघड होते. सूनबाई तिकडे गाडी चालवत कामावर जात असे. इथे भाजीसुद्धा "आईंना विचारून" येऊ लागली. मुलाच्या बोलण्यात सारखे "तिकडे" येई. एकदा जेवताना मी म्हणालो, "तिकडचे तिकडे राहिले, आता इथले बघ." तेव्हापासून तो जेवताना बोलेनासा झाला. कराची चूक मी चलन भरून दुरुस्त केली होती. ही तशी भरून निघणारी नव्हती.

पुढे काही महिन्यांनी मीच विचारले, "अरे, तुझ्या मस्कतला संध्याकाळी काय करायचास?" तो मत्राच्या समुद्रकाठच्या रस्त्याबद्दल तासभर बोलला. चौदा वर्षांत मी हे कधी विचारलेच नव्हते.

तेव्हा परत येणाऱ्यांनी बँकेचे काम पहिल्या महिन्यात उरकावे. स्वयंपाकघर, पैसे आणि मुलांची शाळा यांत कोणी काय पाहायचे ते दोन्ही पिढ्यांनी बसून ठरवावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी "तिकडे" हा शब्द निदान वर्षभर तरी कौतुकाने ऐकावा.